घडण आणि नक्षी : धार-देवासच्या कारागिरीतून वस्तुरचनेचा पाठ

माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून उत्तरेस गेल्या आणि त्यांच्याबरोबर गेलेले पवार घराणे माळव्यात स्थिरावले. धारला एक गादी झाली. देवासला दोन भावांच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी, आणि एकाच गावात दोन दरबार शेजारी शेजारी नांदले. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशात आहेत. दरबार गेले, परंतु वस्तू कशी घडते आणि तिच्यावर नक्षी कशी बसते हे शिकू इच्छिणाऱ्यास उपयोगी पडतील अशी तीन ठिकाणे या दोन जिल्ह्यांत आजही आहेत. धारचा फडके स्टुडिओ, धार जिल्ह्यातील बाघ गावची ठशांची छपाई आणि देवासचे नोटांचे मुद्रणालय ही ती तीन ठिकाणे होत.

हा विषय आजच मांडण्यास कारण आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये हाती घेतलेल्या अटल नवोन्मेष अभियानातून देशभरातील हजारो शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा मिळाल्या. एका शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि सहावी ते बारावीच्या मुलांना हाताने काही करून पाहण्याची सोय, असे तिचे स्वरूप आहे. या प्रयोगशाळांतून त्रिमितीय छपाईचे यंत्र, म्हणजे संगणकावर रचलेली वस्तू थरावर थर देऊन प्रत्यक्ष बनविणारे यंत्र, खेड्यातील शाळेपर्यंत पोचले. यंत्र आले, परंतु त्यावर काय करावे हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित राहतो. तयार आराखडा उतरवून घ्यावा, कळ दाबावी आणि किल्ल्यांची साखळी किंवा एखादे खेळणे बाहेर काढावे, एवढ्यावरच काम थांबते. अशाने मूल यंत्र चालविण्यास शिकते, वस्तू रचण्यास शिकत नाही. यंत्राला लागणारा धागा संपला की प्रयोगशाळेला कुलूप लागते.

वस्तुरचनेचे शिक्षण याहून वेगळे आहे आणि ते संगणकाच्या पुष्कळ आधीपासून या देशात दिले जात आहे.

मातीपासून पुतळ्यापर्यंत

शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा जन्म १८८४ साली वसई येथे झाला. मुंबईत गिरगाव चौपाटीवर उभा असलेला लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांच्या हातचा. पुढे ते धारला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची शिल्पे धारच्या फडके स्टुडिओत जतन करण्यात आली आहेत.

धातूचा पुतळा घडविण्याची रीत पाहण्यासारखी असते. प्रथम लोखंडी सळ्या व तारा यांचा सांगाडा उभा करतात. त्यावर ओली माती चढते. आरंभी केवळ मोठे घाट ठरविले जातात : धड किती, खांदे किती रुंद, डोके कोणत्या कोनात झुकलेले. त्यानंतर मधले घाट येतात. पापण्या, ओठांची कड आणि पागोट्याच्या घड्या यांची पाळी शेवटी येते. डोक्याचे प्रमाण चुकले असेल तर पापणी कितीही नाजूक कोरली तरी ती पुसून टाकावी लागते. मातीचे काम पुरे झाल्यावर प्लास्टरचा साचा निघतो, साच्यातून प्लास्टरची प्रतिमा निघते आणि मग ओतकामाचा टप्पा येतो. वितळलेला धातू निवताना आकसतो, म्हणून ओतारी मूळ नमुना तेवढ्या हिशेबाने किंचित मोठा धरतो.

संगणकावर प्रतिरूप घडवितानाही हाच क्रम पाळावा लागतो. पडद्यावरचा आकार ही लहान लहान सपाट पृष्ठांची जाळी असते. जाळी विरळ असताना एक बिंदू ओढला की संपूर्ण बाजू हलते आणि प्रमाण सुधारता येते. जाळी दाट केली की बारकावे येतात, परंतु मोठी दुरुस्ती करू गेल्यास पृष्ठभागावर टेंगळे उठतात. नवशिका विद्यार्थी हमखास जाळी लवकर दाट करतो, कारण बारकावे लवकर दिसावेत अशी त्याला घाई असते. पापण्या आधी आणि डोके मागाहून, अशी ही घाई आहे. मातीत हात घातलेल्या मुलास ही चूक एकदा दाखविली की पुरते. ज्याने माती हाताळलीच नाही त्याला ती दहादा सांगावी लागते.

घरच्या तांब्याचा पाठ

पहिल्या पाठासाठी परकी वस्तू शोधण्याचे कारण नाही. घरचा तांब्या घ्यावा. पोटाशी दोरा गुंडाळून घेर मोजावा, मानेशीही मोजावा. समजा, पोटाशी घेर ४४ सेंटिमीटर भरला आणि मानेशी २२ भरला. बावीस सप्तमांशाने भागले म्हणजे पोटाचा व्यास १४ आणि मानेचा ७ सेंटिमीटर निघतो. आलेखाच्या कागदावर एक उभी रेषा काढावी. हा तांब्याचा अक्ष. रेषेच्या एकाच बाजूस, तळापासून काठापर्यंत, तांब्याची अर्धी कड काढावी. पोटाशी ती अक्षापासून ७ सेंटिमीटर दूर असेल आणि मानेशी साडेतीन. ही अर्धी कड संगणकात उतरवून अक्षाभोवती एक फेरा दिला की तांब्या उभा राहतो. कुंभार चाकावर आणि कातारी चरकावर जे करतो, तेच येथे घडते. व्यास आणि त्रिज्या यांत गल्लत करून पूर्ण व्यास अक्षाच्या एकाच बाजूस मांडणारी मुले प्रत्येक वर्गात निघतात, आणि त्यांच्या तांब्याची घागर होते. ही चूक हसून सोडून द्यावी. त्रिज्या म्हणजे काय हे त्या मुलास पुन्हा शिकवावे लागत नाही.

यासाठी लागणाऱ्या संगणक प्रणाली विनामूल्य मिळतात. ब्लेंडर ही त्यांपैकी मोठी प्रणाली १९९४ साली नेदरलँड्समध्ये तयार होऊ लागली आणि २००२ पासून ती सर्वांस खुली आहे. मापाच्या कामास फ्रीकॅड आणि लहान मुलांना टिंकरकॅड सोपी जाते. शाळेचा संगणक जुना असल्यास टिंकरकॅडपासून आरंभ करणे श्रेयस्कर.

दोन गोष्टी पडद्यावर दिसत नाहीत, त्या मात्र शिक्षकाने सांगावयास हव्यात. पहिली जाडीची. संगणकातील पृष्ठभागास मुळात जाडीच नसते. तो सावलीसारखा असतो आणि यंत्र त्याची वस्तू करू शकत नाही. तांब्यास निदान दोन मिलिमीटर जाडीची भिंत द्यावी लागते आणि ती आतल्या बाजूस दिली की बाहेरून दिली यावर तांब्यात पाणी किती मावेल हे ठरते. दुसरी गोष्ट आकारमानाची. पडद्यावर वाटी आणि रांजण एकाच आकाराचे दिसू शकतात. म्हणून अर्धी कड पुठ्ठ्यावर खऱ्या मापाने कापून घ्यावी आणि हातात धरून पाहावी. मान मुठीत येते की नाही, हे पुठ्ठा सांगतो. पडदा ते सांगत नाही.

येथवर वस्तूची घडण झाली. नक्षीकडे वळण्यापूर्वी बाघ गावी जाऊन येणे इष्ट आहे.

बाघचा ठसा

बाघ हे धार जिल्ह्याच्या कुक्षी भागातील गाव. बौद्ध लेण्यांमुळे ते कलाप्रेमींस ठाऊक होतेच. येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी चित्रकार आले होते. ओलाव्याने ही चित्रे भिंतीवरून गळू लागल्यामुळे उरलेली बरीचशी १९८२ मध्ये भिंतीवरून उतरवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेण्यात आली. भिंत आणि चित्र यांचा सांधा सुटला म्हणजे नक्षीचे काय होते, याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

कापडाची छपाई मात्र गावात अद्याप चालू आहे. सिंधमधून राजस्थानमार्गे आलेल्या खत्री समाजाने ती येथे रुजविली. १९६० च्या दशकात कृत्रिम धाग्याच्या कापडाचा आणि रासायनिक रंगांचा सुळसुळाट झाला, तेव्हा इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी जुनी रीत धरून ठेवली. आज बाघ छपाईस जो मान आहे तो पुष्कळ अंशी त्या निश्चयाचे फळ होय.

या छपाईत कापड आधी तयार करावे लागते. खारे मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या यांच्या पाण्यात ते भिजवून, तुडवून, वाळवतात. नंतर हरड्याच्या पाण्यात बुडवितात. त्याने कापडास पिवळसर झाक येते. मग छपाई. काळ्यासाठी हिराकस आणि लालसाठी तुरटी, दोन्ही चिंचोक्यांच्या खळीत घट्ट करून ठशाने उठवितात. हरड्यातील तुरट द्रव्याशी लोहाचा संयोग होऊन काळा रंग धरतो. तुरटीचा ठसा मात्र छापताना जवळजवळ दिसतच नाही. कापड काही दिवस ठेवून, नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन, तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन आणि धावडीची फुले घालून उकळतात, तेव्हा जेथे जेथे तुरटी आहे तेथे तेथे लाल रंग चढतो. पूर्वी हा लाल रंग आलाच्या मुळांपासून मिळे. छापकाराने जे छापले ते रंग नव्हेच. रंगाने जेथे बसावयाचे ती जागा त्याने छापली. नजरेस न दिसणारी नक्षी डोक्यात धरून तो हात चालवीत असतो.

ठशांचा विचार त्याहून सूक्ष्म आहे. ठसे सागवान किंवा शिसवीचे असतात. गुजरातमधील पेथापूर आणि राजस्थानातील जयपूर ही ते कोरणाऱ्यांची ठिकाणे. काही ठसे पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत. एका नक्षीस एकच ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा एक, पार्श्वभूमीचा दुसरा, भरणीचा तिसरा. तिन्ही एकमेकांवर केसाइतकेही न सरकता बसले पाहिजेत, यासाठी ठशाच्या कडेला खुणेचे बिंदू ठेवलेले असतात. पहिला ठसा उठवून त्याच्या बिंदूवर दुसऱ्याचा बिंदू बसविला की वेल पुढे सरकते. वेलीचे टोक ठशाच्या उजव्या कडेस ज्या उंचीवर संपते, बरोबर त्याच उंचीवर डाव्या कडेस ती सुरू व्हावी लागते. कोरक्याने हे एका लाकडाच्या तुकड्यावर साधलेले असते आणि नक्षी उलटी कोरलेली असते, हे वेगळेच. मोठ्या ठशांना आरपार छिद्रे पाडतात, ती हवा निघून जावी आणि खळ साचू नये म्हणून. ही छिद्रे नसतील तर ठसा कापडास चिकटतो आणि नक्षी फिसकटते.

कोपऱ्याचा प्रश्न सर्वांत अवघड. चादरीची किनार चारही बाजूंनी फिरते, तेव्हा कोपऱ्यात वेल कशी वळणार? कधी त्यासाठी स्वतंत्र ठसा करतात, कधी कापडावर कागद तिरपा धरून किनार पंचेचाळीस अंशांत मिळवितात. हा निर्णय छपाईस बसण्यापूर्वी झालेला असतो. किनार अर्धी छापून झाल्यावर कोपऱ्याचा विचार करू लागल्यास कापड वाया जाते.

संत्र्याची साल आणि तांब्याची नक्षी

आता पुन्हा तांब्याकडे. कापड सपाट आहे आणि तांब्या गोल, एवढाच येथे भेद. गोल वस्तूवर नक्षी घालण्यासाठी संगणकात तिचा पृष्ठभाग उलगडून सपाट करावा लागतो. संत्रे सोलून साल टेबलावर पसरून पाहिली म्हणजे ही क्रिया ध्यानात येते. साल कोठे तरी चिरावी लागते, आणि चिरूनही ती पुरती सपाट होत नाही. कोठे ताणली जाते, कोठे दुमडते. पृथ्वीचा नकाशा काढणाऱ्यांची शतकानुशतके हीच अडचण आहे. चीर कोठे द्यावयाची, हा वस्तुरचनाकाराचा पहिला निर्णय. शिंपी शिवण काखेत लपवितो, त्याचप्रमाणे तांब्यावर ती सहज नजरेस न पडणाऱ्या बाजूस घ्यावी. झारीस दांडी असेल तर दांडीच्या मागे ती उत्तम लपते.

यानंतर गणित. पोटाशी घेर ४४ सेंटिमीटर आहे आणि बुट्टी ४ सेंटिमीटर रुंद आहे, तर अकरा बुट्ट्या बरोबर बसतात. तांब्याचा व्यास १४ ऐवजी १५ असता तर घेर सुमारे ४७.१ सेंटिमीटर झाला असता. अकरा बुट्ट्या बसून तीन सेंटिमीटरहून थोडी अधिक जागा उरली असती आणि शिवणीजवळ एक बुट्टी कापली गेली असती. संगणकावर काम करणाऱ्या मुलाचे तांब्ये तपासताना हीच कापलेली बुट्टी वारंवार आढळते. उपाय दोन. बारा बुट्ट्या घेऊन प्रत्येकीची रुंदी ३.९ सेंटिमीटरच्या किंचित वर ठेवावी, किंवा तांब्याचाच व्यास १४ करावा. दुसरा उपाय अधिक शिकवून जातो. नक्षीसाठी घडण बदलता येते, हे त्यातून मुलास कळते. मात्र हा बदल घडण कच्ची असतानाच करता येतो.

मानेशी घेर निम्मा आहे. पोटावरच्या अकरा बुट्ट्या तशाच वर नेल्या तर प्रत्येकीस दोनच सेंटिमीटर जागा मिळते आणि फूल पिचून कळीसारखे दिसते. जुन्या कारागिरांनी याची उत्तरे केव्हाच शोधून ठेवली आहेत. मानेवर बुट्टी घालावयाचीच नाही, तेथे आडव्या रेघा किंवा ठिपक्यांची ओळ घ्यावी. खांद्यावर पाकळ्या घ्याव्यात, कारण पाकळीचा आकार मुळातच एका टोकास निमुळता असतो. घरातील जुनी भांडी या दृष्टीने पाहिल्यास कोणती नक्षी कोठे आणि का आहे ते आपोआप उलगडत जाते.

देवासची नोट

नक्षी डोळ्यास दिसते तशी ती बोटासही लागू शकते. देवासच्या बँक नोट मुद्रणालयात १९७० च्या दशकापासून चलनी नोटा छापल्या जातात. तेथे शाईचाही कारखाना आहे. वाचकांनी हाताशी असलेली पाचशे रुपयांची कोरी नोट घेऊन गांधीजींच्या चित्रावरून अंगठा हळू फिरवावा. शाई कागदाच्या वर उठलेली जाणवते. बाघच्या ठशात उंचवट्यावरील रंग कापडास लागतो. येथे याच्या उलट चालते. धातूच्या पत्र्यावर रेषा खोल कोरलेल्या असतात, शाई त्या खाचांत राहते, बाकीचा पत्रा पुसून निघतो आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत शिरून शाई उचलतो. शंभर व त्यावरील नोटांवर असा उठाव असतो आणि दृष्टिहीनांना नोट ओळखण्यास त्याचा उपयोग होतो. म्हणजे येथली नक्षी सौंदर्य, सुरक्षा आणि सोय अशी तीन कामे एकदम करते.

संगणकावर नक्षीचे तीन प्रकार असतात आणि त्यांचा घोटाळा होऊ देता कामा नये. पहिल्यात पृष्ठभागावर केवळ रंगीत चित्र चढविलेले असते. दुसऱ्यात उजेड व सावली यांच्या युक्तीने उठावाचा आभास निर्माण होतो, परंतु पृष्ठभाग सपाटच राहतो. तिसऱ्यात पृष्ठभाग खरोखर वर उचललेला किंवा आत दाबलेला असतो. त्यासाठी काळ्यापांढऱ्या छटांचे चित्र वापरतात. पांढरे तेथे उंच, काळे तेथे खोल. पडद्यावर दुसरा आणि तिसरा प्रकार सारखेच दिसतात. विद्यार्थी आभासाची नक्षी घालतो, पडद्यावर ती सुरेख दिसते, यंत्रातून मात्र गुळगुळीत तांब्या बाहेर येतो. यंत्राकडे सामान्यतः पाठविल्या जाणाऱ्या एस. टी. एल. धारिकेत केवळ आकार जातो. रंगही जात नाही, आभासही जात नाही. नोटेवरून अंगठा फिरवून पाहिलेल्या मुलास हा भेद चटकन् पटतो.

उठाव खरा असला तरी किती बारीक? शाळांतील यंत्रांचे तोंड बहुधा ०.४ मिलिमीटरचे असते आणि थर ०.२ मिलिमीटरच्या आसपास. याहून बारीक रेषा यंत्रास काढता येत नाही. म्हणून वेलीचा देठ निदान एक मिलिमीटर रुंद ठेवावा. भिंत पंचेचाळीस अंशांहून अधिक बाहेर झुकली तर खाली टेकू द्यावा लागतो आणि टेकू काढताना नक्षी खरवडली जाते. तांब्याच्या पोटाखालचा भाग नेमका असाच असतो. तेथे नक्षी न घेणे शहाणपणाचे. शाळेतील यंत्रात वापरला जाणारा पी. एल. ए. धागा साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो. त्या तांब्यात चहा ओतू नये आणि थरांच्या फटींत मळ राहतो म्हणून पिण्याचे पाणीही ठेवू नये. तो नमुना आहे. त्यावरून कुंभाराने किंवा तांबटाने खरी वस्तू करावी. कुंभार करणार असेल तर भट्टीत माती आकसते. एक दशांश आकसणारी माती असेल, तर अठरा सेंटिमीटर उंचीच्या भांड्यासाठी वीस सेंटिमीटर उंची धरावी लागते. संगणकात हे एका आकड्याने होते. तो आकडा कोणता, हे मात्र आपल्या गावच्या कुंभारालाच विचारावे, कारण ते त्याच्या मातीवर अवलंबून आहे.

पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामाचा येथे उल्लेख करावयास हवा. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके देत जातात. त्या ठोक्यांनी पत्रा कठीण होतो आणि उन्हात चमकणारी ठिपक्यांची नक्षीही तयार होते. येथे घडण कोठे संपली आणि नक्षी कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही.

नक्कल आणि नाव

बाघ छपाईस २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. यासंबंधीचा कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अमलात आहे. नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते. या नोंदणीने नावास संरक्षण मिळते. बाघ परिसरात, त्या रीतीने न छापलेले कापड बाघ छपाई म्हणून विकता येत नाही. परंतु बुट्टीचा आकार कोणी छायाचित्रावरून संगणकात उतरवून यंत्रावर हजारो मीटर छापला आणि त्यास दुसरेच नाव दिले, तर नावाचा कायदा तेथे तोकडा पडतो. नव्या आकृतिबंधांसाठी २००० सालचा अभिकल्प कायदा आहे, परंतु शतकानुशतके चालत आलेली नक्षी नवी कशी ठरावी? छपाई करणाऱ्या कुटुंबांची खरी अडचण ही आहे. ज्या कापडास धुणे, वाळविणे, उकळणे यांत कित्येक दिवस लागतात, त्याची प्रतिमा यंत्र तासाभरात उठविते आणि बाजारात दोन्ही शेजारी टांगलेली असतात.

महाराष्ट्रासही हा अनुभव आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये निर्देशांक मिळाला होता. तरीही २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला आल्या, तेव्हा आरंभी कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. टीका झाल्यावर त्या कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले.

शाळेच्या प्रयोगशाळेचा याच्याशी संबंध कसा, असे कोणी विचारील. मुलांना आज जी सवय लागते ती पुढे टिकते. चित्र उचलून वस्तूवर चिकटविणे हीच नक्षी, असे जो शाळेत शिकला तो उद्या बाजारातही तेच करील. म्हणून बाघची किंवा पैठणीची नक्षी अभ्यासासाठी अवश्य गिरवावी, तिची पुनरावृत्ती मोजावी, कोपरा कसा वळविला आहे ते पाहावे. आपल्या तांब्यावर मात्र स्वतः काढलेली बुट्टी घालावी. ती ओबडधोबड असली तरी चालेल. परसातील तगर आहे, शेवग्याची शेंग आहे, बाभळीचे पान आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्या काळात स्थानिक सुतार, कुंभार, माळी, कलावंत आदींकडे काम शिकण्याची सूचना आहे. प्रयोगशाळा असलेल्या शाळांनी या दिवसांची सांगड तेथल्या कामाशी घालण्यास हरकत नाही. पहिला दिवस दोरा, आलेखाचा कागद आणि घरची भांडी यांत जावा. दुसऱ्या दिवशी बटाट्याचा ठसा कापून वर्तमानपत्रावर वेल छापावी, म्हणजे टोके जुळविण्याची कसरत हातास कळते. तिसऱ्या दिवशी कुंभाराकडे जावे आणि माती किती आकसते ते विचारून लिहून आणावे. संगणक त्यानंतर उघडावा. ज्या शाळेत यंत्र नाही तिने चौथ्या दिवशी मातीचेच भांडे करावे आणि ओल्या मातीवर ठसा दाबावा. पाठात काही उणे राहत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत कुंभार, सुतार, मूर्तिकार यांसह अठरा व्यवसायांचा समावेश असून, नोंदणी झालेल्या कारागिरांस प्रशिक्षण व अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. गावात भेट देणाऱ्या शिक्षकांनी कारागिराकडून शिकून परतताना त्याची नोंदणी झाली आहे किंवा कसे, याचीही चौकशी करावी.

वर्षअखेर प्रदर्शन भरेल तेव्हा प्रत्येक वस्तूशेजारी एक चिठ्ठी ठेवावी. वस्तू कोणी रचली, नक्षी कशावरून सुचली, बुट्टी किती वेळा आली, शिवण कोठे आहे आणि कोणत्या कारागिरास काय विचारले, एवढे त्या चिठ्ठीत असावे. कारागिराचे नाव त्याच्या संमतीने आणि विद्यार्थ्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे.